एकाच घरातली दोन बीपी

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात पाचव्या दिवशी, रक्तदाब तपासणी शिबिरानंतर संध्याकाळी केलेले भाषण. मंडळाच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



सर्वप्रथम एक खुलासा करतो. मी डॉक्टर नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि आजवरचे आयुष्य वॅगनच्या ब्रेकमध्ये गेले. आज इथे एका डॉक्टरसाहेबांचे व्याख्यान ठरले होते. त्यांना तातडीने बाहेरगावी जावे लागले आणि आपल्या सेक्रेटरींनी दुपारी मला फोन केला, "भाऊ, तुमच्या घरी ताईंचं झालं होतं ना, तेच सांगा." मी म्हटले, ते सांगायला अर्धा तास पुरणार नाही. ते म्हणाले, पाऊण तास घ्या, पण आरतीच्या आधी संपवा. तेव्हा घड्याळ समोर ठेवूनच बोलतो.

आज सकाळी शिबिरात मी फॉर्म भरून घेण्याच्या टेबलावर बसलो होतो. फॉर्ममध्ये एक रकाना आहे, 'कुटुंबात कोणाला उच्च रक्तदाब आहे काय?' मी एक गंमत पाहिली. ज्याचा आकडा जास्त निघायचा तो त्या रकान्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "आमच्या घराण्यातच आहे हो." आणि मग त्याचा चेहरा एकदम निवांत व्हायचा. जणू कारण सापडले, फाईल बंद. आपल्यापैकी अनेक जण कारखान्यात काम करतात म्हणून विचारतो. वॅगनचा ब्रेक अडकला, चाक तापले, आणि मी फेल्युअर रिपोर्टमध्ये 'वॅगन जुनी आहे' एवढेच लिहिले, तर साहेब तो कागद घेतील का? माझ्याच अंगावर फेकतील. पण आमच्या घरात माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत आम्ही नेमका असाच रिपोर्ट लिहिला. आणि तो लिहिणाऱ्यांत मी पहिला होतो.

आमचे बाबा तुमसरकडचे. रेल्वेत फिटर म्हणून रायपूरला आले आणि इथलेच झाले. त्यांना बीपी होते. ऐंशीच्या दशकात त्यांना रेसरपिन असलेली गोळी मिळायची. आठवडाभर घ्यायचे, बरे वाटले की डबा खिडकीत ठेवून द्यायचे. आई ओरडली की म्हणायचे, "मले काई होत नाई." १९९३ साली, मी चौदा वर्षांचा असताना, ते पक्षाघाताने गेले. वय चौपन्न. त्या डब्यात अर्ध्याहून जास्त गोळ्या तशाच शिल्लक होत्या. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून आजही जात नाही.

त्या गोळीबद्दल दोन शब्द बोलतो, कारण ती गोष्ट आपल्या अभिमानाची आहे आणि आपल्यालाच माहीत नाही. रेसरपिन निघते सर्पगंधेच्या मुळीतून. सर्पगंधा आपल्या छत्तीसगडच्या जंगलातही आहे. आयुर्वेदात ती पूर्वापार वापरात होती, सर्पदंशावर, झोप न येण्यावर, वेड लागण्यावर. १९३१ साली दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी तिच्यातले क्षार वेगळे केले. त्याच वर्षी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिने रक्तदाब उतरतो असे लिहिले. पण जगाचे लक्ष वेधले ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. परळच्या केईएम रुग्णालयातले हे हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी पन्नास रुग्णांवर पद्धतशीर नोंदी ठेवून सर्पगंधेचा प्रयोग केला आणि १९४९ साली तो ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला.

त्या काळात बीपीवर धड औषध नव्हते हे लक्षात घ्या. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ साली मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचा दाब ३०० आणि १९० मोजला गेला होता. जगातला सर्वांत ताकदवान माणूस, पण डॉक्टरांच्या हातात मीठ कमी करणे आणि झोपेच्या गोळ्या यापलीकडे फार काही नव्हते. चार वर्षांनी परळमधून उत्तर आले. बोस्टनच्या डॉ. विल्किन्स यांनी वकिलांचा लेख वाचून तिकडे प्रयोग सुरू केले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये मुळीतले रेसरपिन वेगळे काढण्यात आले. १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेतला मोठा लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी पद्मभूषण.

पण माझ्यासारख्या मेकॅनिकला खरी गोडी पुढच्या प्रश्नात वाटते. मुळी नेमके काय करते? पुढे कळले की मज्जातंतूंच्या टोकाला नॉरॲड्रिनलिन नावाचे रसायन साठवलेले असते आणि त्याने रक्तवाहिन्या आवळल्या जातात. रेसरपिन ते कोठारच रिकामे करते. म्हणजे बीपी हा नुसता 'रक्त गरम झाले', 'टेन्शन घेतले' असला प्रकार नाही. शरीरातल्या ठराविक रसायनांचा हिशेब त्याच्यामागे आहे आणि तो हिशेब माणसाला वाचता येतो, हे त्या मुळीने दाखवले. (कृपा करून उद्या कोणी बाजारातून सर्पगंधेची मुळी आणून उगाळू नये. त्या औषधाने नाक चोंदणे, मन खिन्न होणे असे त्रास व्हायचे, म्हणून ते मागे पडले. आणि जंगलातली सर्पगंधा उपटून उपटून इतकी कमी झाली की १९९० पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.)

आता ताईची गोष्ट. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, दिली गोंदियाला. २००९ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, दाढ काढायला गेली तेव्हा दाब मोजला तर १७० आणि ११०. गोळी सुरू झाली. वर्षभरात दोन झाल्या, मग तीन. ती मला फोनवर सांगायची, "पाय उचलत नाहीत रे. जिना चढले की मांड्या भरून येतात. रात्री चार वेळा लघवीला उठते. पोटऱ्यांत गोळे येतात." मी काय म्हणायचो? "ताई, बाबांचंच आहे ते. मीठ कमी कर, चिंता करू नको." भाऊजी तिला दोन-तीन ठिकाणी घेऊन गेले. सगळीकडे पहिला प्रश्न, "घरात कोणाला होतं का?" आणि "वडील पक्षाघाताने गेले" म्हटले की पुढचे प्रश्न थांबायचे. सासरी तर वेगळेच चालू होते. पाय उचलत नाहीत म्हणजे कामचुकारपणा. तिने हे आम्हाला फार उशिरा सांगितले. अशी आठ वर्षे गेली.

दरम्यान २०१५ साली आमच्या रेल्वेच्या ठराविक मुदतीच्या वैद्यकीय तपासणीत माझाही दाब १५० निघाला. एक गोळी सुरू झाली, दाब खाली आला. मग तर शिक्कामोर्तबच झाले. बाबा, ताई, मी. घराणेच बीपीचे!

२०१७ च्या उन्हाळ्यात ताईला एके सकाळी अंथरुणातून उठताच येईना. पाय लुळे. सगळ्यांना वाटले, बाबांसारखाच झटका आला. तिला नागपूरला नेले. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. पोटॅशियम २.४. साधारण ३.५ च्या वर असायला हवे. त्यांनी घराण्याचा प्रश्न विचारलाच नाही. विचारले ते असे, "पोटॅशियम याआधी कधी तपासलं होतं?" भाऊजींनी पिशवीतले जुने सगळे कागद काढले. पाच वर्षांपूर्वीच्या एका रिपोर्टमध्ये २.९ लिहिले होते, खाली लाल रेघ मारलेली. तो कागद आमच्याच घरात पडून होता. मीही पाहिला होता. वॅगनच्या गेजवर असा आकडा दिसला असता तर मी गाडी सोडली नसती.

आता पोटॅशियमचा आणि बीपीचा संबंध काय? हे मला समजायला वेळ लागला. समजले ते आपल्याच भाषेत, म्हणून तसेच सांगतो.

इंजिनावर कॉम्प्रेसर असतो हे आपल्यातल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. त्याला गव्हर्नर असतो. टाकीतला दाब आठ किलोपर्यंत उतरला की गव्हर्नर म्हणतो 'चालू', दहाला पोचला की म्हणतो 'बंद'. शरीरात हे गव्हर्नरचे काम प्रामुख्याने मूत्रपिंड करते. दाब कमी झाला असे वाटले की मूत्रपिंड रेनिन नावाचा पदार्थ रक्तात सोडते. (हा पदार्थ १८९८ साली स्टॉकहोममध्ये सशाच्या मूत्रपिंडात सापडला.) रेनिनमुळे पुढे अँजिओटेन्सिन तयार होते. ते दोन कामे करते. एक, रक्तवाहिन्या आवळते. दोन, मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली जी अधिवृक्क ग्रंथी, म्हणजे ॲड्रिनल, तिला हुकूम देते की अल्डोस्टेरॉन सोड. अल्डोस्टेरॉन हे हार्मोन, म्हणजे संप्रेरक. १९५३ मध्ये ते शुद्ध रूपात हाती आले. ते मूत्रपिंडाला सांगते, मिठातले सोडियम बाहेर जाऊ देऊ नको, धरून ठेव, त्याच्या बदल्यात पोटॅशियम टाकून दे. सोडियम राहिले की त्याच्यामागे पाणी राहते, पाणी राहिले की दाब वाढतो. दाब वाढला की मूत्रपिंड रेनिन बंद करते. गव्हर्नर 'बंद' म्हणाला, कॉम्प्रेसर थांबला. इतके सुंदर सर्किट आहे, आणि ते आपल्या कारखान्याच्या कितीतरी आधीचे.

आता समजा गव्हर्नर 'बंद' म्हणतोय, पण कॉम्प्रेसर ऐकतच नाही. मोटरचा संपर्क चिकटला आहे. दाब चढतच राहणार. ताईच्या डाव्या ॲड्रिनलमध्ये हेच झाले होते. तिथे एक लहानशी गाठ होती, कर्करोगाची नव्हे, साधी, हरभऱ्याच्या दाण्याहून थोडी मोठी. ती कोणाच्याही हुकमाशिवाय अल्डोस्टेरॉन सोडत बसली होती. म्हणून सोडियम साठत होते, दाब चढत होता, आणि पोटॅशियम लघवीवाटे वाहून जात होते. पोटॅशियम नाही म्हणून स्नायूंत बळ नाही. पाय उचलत नव्हते ते याच्यामुळे. रात्री चार वेळा उठणे याच्यामुळे. कामचुकार ती नव्हती, तिच्या आजाराचे कारण शोधण्यात आम्हीच कुचराई केली होती.

आणि तपासणी किती साधी! एकाच रक्ताच्या नमुन्यात दोन गोष्टी मोजायच्या, अल्डोस्टेरॉन आणि रेनिन. गव्हर्नर काय म्हणतो आणि कॉम्प्रेसर काय करतो. रेनिन जवळजवळ शून्य आणि अल्डोस्टेरॉन भरपूर, म्हणजे आदेश 'बंद'चा आणि मशीन चालू. दोघांचे गुणोत्तर काढले की संशय पक्का. माझ्यासारख्या माणसालाही कागदावर पटले. पुढे खात्रीच्या तपासण्या झाल्या, स्कॅन झाला. मग एका मोठ्या शहरात दोन्ही बाजूंच्या ॲड्रिनलच्या शिरांतून वेगवेगळे रक्त घेऊन दोष डावीकडेच आहे याची खात्री केली. नुसत्या स्कॅनवर भरवसा ठेवत नाहीत, कारण दिसणारी गाठ दोषी असेलच असे नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत दुर्बिणीने ती ग्रंथी काढली. चौथ्या दिवशी ताई घरी. चार गोळ्यांवरून एकीवर आली. ती एक राहिली, कारण आठ वर्षांत रक्तवाहिन्या कडक झाल्या त्या झाल्याच. ते नुकसान भरून निघत नाही.

हा आजार काही नवा नाही, हे समजल्यावर मला जास्त लागले. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातले डॉ. जेरोम कॉन यांच्याकडे १९५४ साली चौतीस वर्षांची एक स्त्री आली होती. दाब जास्त, पायांत बळ नाही, हातापायांत गोळे, पोटॅशियम अगदी कमी. जणू ताईचीच फाईल. कॉन यांनी तर्क केला की ॲड्रिनलमध्ये गाठ असणार. त्या वर्षीच्या डिसेंबरात पोट उघडले आणि गाठ निघाली. म्हणजे ताईचा जन्म होण्याच्या वीसेक वर्षे आधी हे सगळे पुस्तकात आले होते. पण पुस्तकात असेही होते की हा आजार फार दुर्मिळ आहे. त्यामुळे कोणी शोधत नसे, आणि शोधत नसल्यामुळे तो दुर्मिळ राहिला! आता धोरण बदलले आहे. बीपीच्या शंभर रुग्णांत पाच ते दहा जणांना हा प्रकार असू शकतो आणि ज्यांचा दाब तीन गोळ्यांनीही आटोक्यात येत नाही त्यांच्यात त्याहून जास्त, असे आता मानतात. २०२५ साली अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने तर सुचवले आहे की बीपी असलेल्या प्रत्येकाची ही तपासणी एकदा व्हावी. एक सूचना महत्त्वाची आहे. पोटॅशियम नॉर्मल आले म्हणून निश्चिंत होऊ नका. या आजाराच्या पुष्कळ रुग्णांत ते नॉर्मलच असते.

आता तुम्ही म्हणाल, मग 'घराण्यात आहे' हे खोटे का? नाही, खोटे नाही. अर्धवट आहे. इथे मी जरा जनुकांबद्दल बोलतो. मला जेवढे समजले तेवढेच.

काही घराणी अशी आहेत की तिथे एकाच जनुकाच्या बिघाडाने बीपी येते. रिचर्ड लिफ्टन यांनी १९९२ मध्ये असा एक बिघाड पकडला. आपल्या पेशीत दोन शेजारी-शेजारी जनुके आहेत, एक कॉर्टिसॉलचे, एक अल्डोस्टेरॉनचे. दिसायला जवळपास सारखी. काही घराण्यांत ती एकमेकांत मिसळून एक संकर जनुक तयार झाले. त्यामुळे अल्डोस्टेरॉनच्या मोटरची वायर कॉर्टिसॉलच्या स्विचला जोडली गेली. सकाळी कॉर्टिसॉलचा स्विच लागला की अल्डोस्टेरॉनही चालू. वायरिंगचा असा घोळ आपण कारखान्यात पाहिलेला आहे, फरक एवढाच की हा घोळ बापाकडून मुलाकडे जातो. गंमत म्हणजे उपायही स्विचमध्येच आहे. थोड्याशा स्टेरॉईडने तो स्विच शांत राहतो आणि दाब उतरतो.

दुसरे उदाहरण लिडल नावाच्या डॉक्टरांनी १९६३ साली वर्णन केलेल्या घराण्याचे. तिथे सगळी लक्षणे अल्डोस्टेरॉनची, पण अल्डोस्टेरॉन मात्र कमी. दोष मूत्रपिंडाच्या सोडियमच्या दारात होता, ते दार बंदच होत नव्हते. त्या जनुकाचा पत्ता १९९४ मध्ये लागला. त्याच रुग्णबाईंना पुढे दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवावे लागले, आणि दाब नॉर्मल झाला. म्हणजे बीपी मूत्रपिंडाबरोबर गेले. हे वाचले तेव्हा मी रात्रपाळीत टेबलावर हात मारला होता, शेजारचा दचकून उठला.

पण अशी घराणी जगात फार थोडी. तुमचे-माझे जे साधे बीपी, त्यात एक जनुक नाही. २०१८ साली दहा लाखांहून जास्त माणसांच्या माहितीवर झालेला एक अभ्यास छापून आला. त्यात तोवर रक्तदाबाशी संबंध दिसलेल्या जनुकीय जागांची संख्या नऊशेवर गेली. प्रत्येक जागेचा वाटा अगदी किरकोळ, पाऱ्याच्या एका मिलिमीटरपेक्षाही कमी. म्हणजे शेकडो बारीक गळत्या, एकही नुसत्या डोळ्याला न दिसणारी. आई-वडिलांकडून यातल्या किती कोणाला मिळतील हा पत्त्यांचा खेळ आहे. शिवाय त्यातली बहुतेक माणसे युरोपीय वंशाची. आपल्या लोकांची माहिती आता कुठे जमू लागली आहे. जीनोम इंडिया प्रकल्पात दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचून झाले, २०२५ च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. माणसा-माणसातला रक्तदाबाचा जो फरक आहे, त्यात साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत भाग आनुवंशिक धरतात. उरलेला आपल्या ताटात, कंबरेत आणि झोपेत आहे. बासीवर चिमूटभर मीठ, वर लोणचे, वर पापड, वर सांडगी मिरची. मी स्वतःच्याच ताटाबद्दल बोलतो आहे.

आणि आता ताईच्या गाठीकडे परत येतो, कारण इथे मला सर्वांत मोठा धक्का बसला. २०११ साली लिफ्टन यांच्याच गटाने अशा गाठींच्या पेशी तपासल्या. पुष्कळ गाठींत त्यांना एका जनुकात बदल सापडला, पोटॅशियमच्या दाराचे जनुक. स्त्रियांच्या गाठींत हा बदल जास्त दिसतो. पण तो बदल फक्त गाठीत! त्याच माणसाच्या रक्तात नाही. म्हणजे तो आई-वडिलांकडून आलेला नाही. आयुष्यात कधीतरी ॲड्रिनलच्या एका पेशीत नक्कल करताना चूक झाली आणि ती पेशी वाढत गेली. जनुकाचा आजार, पण घराण्याचा नाही. ताईच्या गाठीची अशी तपासणी झाली नाही, त्यामुळे तिच्यात नेमका कोणता बदल होता ते सांगता येणार नाही. पण त्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "तुमच्या वडिलांचा या गाठीशी बहुधा काही संबंध नसावा." आठ वर्षे आम्ही एका मेलेल्या माणसावर आळ घेत होतो.

त्यांनी माझीही तपासणी करून घ्यायला सांगितले. मी केली. रेनिन ठीक, अल्डोस्टेरॉन ठीक, पोटॅशियम ठीक. माझे साधे बीपी, बारीक गळत्यांचे, बाबांसारखे असावे. एका आईच्या पोटची दोन भावंडे, एकाच ताटात जेवलेली, आणि दोघांची बीपी दोन वेगळ्या कारणांची.

इतर संप्रेरकांचे थोडक्यात सांगतो. थायरॉईड, कॉर्टिसॉल जास्त होण्याचा आजार, आणि ॲड्रिनलच्या आतल्या भागातली अशी एक गाठ की जिच्यात दाब एकदम उसळतो, छाती धडधडते, डोके फुटल्यासारखे दुखते, दरदरून घाम येतो. ती क्वचितच असते, पण असली तर जीवघेणी. घोरणाऱ्यांनीही, आणि भाऊजी, मी तुमच्याकडे बघत नाही, झोपेत श्वास अडकतो का ते पाहून घ्यावे, त्यानेही दाब चढतो. आणि एक घरगुती वस्तू, जेष्ठमध. खोकला झाला की चघळतो ते. थोडे चालेल, पण रोज भरपूर खाल्ले तर ते शरीरात अल्डोस्टेरॉनची नक्कल घडवते, पोटॅशियम उतरते आणि दाब चढतो. बीपीवाल्यांनी जपून. गुडघेदुखीच्या ज्या पांढऱ्या पुड्या बाजारात मिळतात त्यांत काही वेळा स्टेरॉईड असते, त्यांनीही हेच होते.

औषधांकडे पाहिले तर अर्धी औषधे या सर्किटवरच काम करतात. तुमच्या पाकिटावर शेवटी 'प्रिल' लिहिले असेल तर त्या गोळीचे मूळ ब्राझीलच्या एका विषारी सापात आहे, त्याच्या विषाच्या अभ्यासातून सत्तरच्या दशकात ती घडवली. सर्पगंधेत साप फक्त नावाला, इथे खरोखरचा. 'सार्टन' असेल तर तेही अँजिओटेन्सिनचेच दार अडवते. २०१५ साली इंग्लंडमध्ये तीन गोळ्यांनी न उतरणाऱ्या रुग्णांवर चाचणी झाली, त्यात अल्डोस्टेरॉनला रोखणारी स्पायरोनोलॅक्टोन ही जुनी, स्वस्त गोळी इतरांपेक्षा सरस ठरली. २०२३ मध्ये एका इंजेक्शनचे निष्कर्ष छापून आले, यकृतातला अँजिओटेन्सिनोजेनच्या जनुकाचा संदेशच अडवणारे, एकदा टोचले की परिणाम सहा महिने. बाबांना असे काही मिळाले असते तर, असे मनात येते. पण त्यांच्या डब्यातल्या गोळ्याही कामाच्याच होत्या. त्यांनी त्या घेतल्या नाहीत.

म्हणून माझे सांगणे कोणी असे ऐकू नका की आधी जनुके तपासू, मग गोळी घेऊ. आमच्या मूळ जिल्ह्यात, भंडाऱ्यात, आणि वर्धा, सातारा, सिंधुदुर्गातही, भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम महाराष्ट्रात आधी सुरू झाला. तिथे काही विशेष यंत्र नव्हते. ठरलेल्या दोन-तीन स्वस्त गोळ्या, रुग्णाचे कार्ड, आणि आला नाही तर त्याला बोलावणे, एवढेच. बहुतेकांचे काम याने होते. गोळी चालू ठेवायची. कोणतीही तपासणी करण्यासाठी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, काही गोळ्यांनी रेनिनचे आकडे बदलतात, ते डॉक्टर पाहून घेतील. पण चाळिशीच्या आत दाब चढला असेल, तीन गोळ्या घेऊनही आकडा हलत नसेल, पोटॅशियम कधीही कमी आले असेल, किंवा घरात कोणाला कमी वयात पक्षाघात झाला असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा, "अल्डोस्टेरॉन आणि रेनिन पाहायचं का?" विचारायला पैसे पडत नाहीत. डॉक्टर रागावले तर माझे नाव सांगा, आणि मग मला कळवा ते काय म्हणाले.

सेक्रेटरी हात दाखवत आहेत, पाच मिनिटे राहिली. सकाळी ज्यांचा आकडा १४० आणि ९० च्या वर आला त्यांची यादी माझ्याकडे आहे. एकदा मोजल्याने बीपी ठरत नाही, म्हणून मशीन उद्या आणि परवा सकाळी सात ते नऊ मंडपातच राहील. येण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू नको, आणि येऊन पाच मिनिटे शांत बसायचे. जुने रिपोर्ट पिशवीतून घेऊन या, लाल रेघ कुठे आहे का ते आपण मिळून पाहू. ताई कालच गोंदियाहून आली आहे. तिसऱ्या रांगेत हिरव्या साडीत बसली आहे. स्टेशनवर पायऱ्या चढताना तिने माझी बॅग घेतली होती. बायकांना माझ्यापेक्षा तिच्याशी बोलणे सोपे जाईल, आरतीनंतर ती प्रसादाच्या टेबलाजवळ थांबणार आहे.

गणपती बाप्पा मोरया!